चिमूटभर मीठ

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. विजेशी आमचा परिचय दिव्याच्या बटणापुरता. तथापि ज्या हैदराबादेत १९६७ साली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली, तेथील मराठी शाळेतल्या मुलांनी ‘हे शास्त्र इंग्रजीवाचून कळायचे नाही’ असे मानावे, हे आमच्या मनाला लागते. म्हणून हा अल्प प्रयत्न.

तांबे वीज वाहून नेते, काच तिला अडविते. सिलिकॉन या दोहोंच्या मधला. म्हणून तो अर्धवाहक. अगदी शुद्ध असता तो फारसा कामाचा नसतो. आम्हां कोकणी माणसांच्या पेजेला चिमूटभर मिठावाचून चव नाही, तशीच त्याची गत. त्यात फॉस्फरसचा लेश मिसळला की काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरू लागतात. बोरॉनचा मिसळला की इलेक्ट्रॉनांच्या काही जागा रिकाम्या राहतात. असे दोन भाग एकसंध जोडले की सांध्यावर एक अडसर उभा राहतो. वीज एका दिशेने लोटली तर तो विरतो, उलट लोटली तर रुंदावतो. हाच डायोड. असे तीन थर आलटून पालटून रचले की झाला ट्रान्झिस्टर. त्याच्या मधल्या पातळ थरातील क्षीण प्रवाह मोठ्या प्रवाहास आवरतो, जसा अंकुश हत्तीला. १९४७ साली अमेरिकेत बार्डीन व ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर घडविला, तो जर्मेनियमचा.

विद्यार्थीमित्रहो, यांतील नावे परकी आहेत खरी. पण अडसर, रिकामी जागा, अंकुश हे शब्द तुमच्या घरातलेच आहेत. इंग्रजी अवश्य शिका. मात्र तिची वाट पाहत प्रश्न विचारावयाचे थांबू नका.