सूर्यास्तापूर्वी अँटवर्प

हिरेव्यापारामुळे अँटवर्प हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या घरी परिचयाचे आहे. विमानाने मात्र आपण बहुधा ब्रुसेल्सला उतरतो आणि तेथून पुढे आगगाडीने जावे की बसने, हा प्रश्न उभा राहतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात वृद्ध वडिलांसमवेत गेलो, तेव्हा तो मला किरकोळ वाटला नाही. वडिलांना चौविहाराचा नियम; आणि तिकडे त्या दिवसांत साडेचारनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. आमचे विमान दोनला उतरले होते.

बसची सोय उघड होती: सामान एकदाच खालच्या कप्प्यात ठेवले की झाले. आगगाडीत आसन राखून ठेवता येत नाही, शिवाय तिकिटात विमानतळाचा अधिभारही असतो. परंतु बस महामार्गावरील गर्दीच्या स्वाधीन. उलट आगगाडीचे स्थानक विमानतळाच्या इमारतीखालीच आहे आणि थेट गाडी पाऊण तासाच्या आत अँटवर्पला पोहोचते.

दोन्ही बाजू ऐकून वडील म्हणाले, ‘‘पेढीवर आपण काय करतो? दोन पैसे अधिक पडले तरी माल वेळेवर देणाऱ्याशीच व्यवहार ठेवतो.’’

आम्ही आगगाडीने गेलो. वडिलांचे जेवण उजेडीच आटोपले.

परतताना हाती वेळ होता, म्हणून सामानाचा विचार करून बस घेतली. तेव्हापासून तिकिटाचा दर विचारण्याआधी मी सोबतच्या ज्येष्ठांची वेळ विचारतो.