मनातले मांडे, ताटातले मांडे

मनुष्याच्या फोल आशांना मराठी भाषेने जी नावे दिली आहेत त्यांत 'मनातले मांडे' इतके रुचकर नाव दुसरे नाही. मनातच जेवायचे तर लाडू का नाहीत, पुरणपोळी का नाही, असा प्रश्न आम्हांस लहानपणी पडे. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. लाडू आणि पुरणपोळी आज मनात आली तर उद्या ताटात पडू शकते. त्यांसाठी मनोराज्य करावे लागत नाही. मांडा हा मात्र असा पदार्थ आहे की, घरात साहित्य आहे, पैसा आहे, हौसही आहे, तरी तो होईलच असे नाही. त्याला सरावलेला हात लागतो. 'मनात मांडे, पदरात धोंडे' असे ज्या पूर्वजांनी म्हणून ठेवले त्यांच्या घरी एखादा मांडा कढईवर जाण्यापूर्वीच हातात फाटला असला पाहिजे.

ज्या वाचकांनी मांडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आत पिठीसाखर भरलेली, परातीएवढी मोठी आणि कागदासारखी पातळ अशी ही पोळी. ती उपड्या कढईवर भाजावयाची, ऊन आहे तोच चौकोनी घडी घालावयाची आणि निवू द्यावयाची. निवली म्हणजे ती कडक होते व कोरडी ठेवल्यास पुष्कळ दिवस टिकते. खाण्याची रीत अशी की, वाडग्यात मांडा चुरावा, वर ऊन दूध ओतावे, साजूक तुपाची धार सोडावी आणि किंचित थांबावे. दूध पिऊन पापुद्रे मऊ होतात, साखर विरघळते, खसखस आणि वेलदोड्याचा वास वर येतो. साहेब लोकांच्या घरी नाताळात दूध, अंडी, साखर आणि मनुका घालून पावाचे पुडिंग होते. हैदराबादेस पावाचे तुकडे तुपात तळून पाकात व आटीव दुधात मुरवतात आणि त्यास 'डबल का मीठा' म्हणतात. आमचा दुधातला मांडा याच कुळातला. फरक इतकाच की, पुडिंगाचा उगम शिळा पाव वाया जाऊ नये या काटकसरीत आहे. मांड्यात काटकसरीला जागा नाही. तो पहिल्यापासून दुधात बुडण्यासाठीच जन्मास येतो.

मांडे सर्वत्र एकसारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. खानदेशात अक्षयतृतीयेस, म्हणजे त्यांच्या आखाजीस, उपड्या खापरावर पुरणाचे मांडे भाजतात आणि आमरसाबरोबर खातात. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर मंगळुराकडील. त्यांच्याकडे सारस्वतांच्या लग्नात मांडे म्हणून जे वाढतात ती तळलेली पातळ पुरी असते, आणि ती ऊन असतानाच आत साखर-तिळांचे सारण घालून दुमडलेली असते. लग्न होऊन त्या बेळगावास आल्या तेव्हा पहिल्या दिवाळीस आमचा मांडा पाहून, 'हे मांडे कसले, ही तर धोतराची घडी,' असे त्या म्हणाल्या होत्या. दुधातला पहिला घास घेतल्यावर त्यांनी हा अभिप्राय मागे घेतला नाही, परंतु वाडगा मात्र पुन्हा पुढे केला.

मांड्याची कुळकथा जुनी आहे. ज्ञानदेवांच्या चरित्रकथेतील प्रसंग मराठी घरातील लहान मूलही जाणते. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मुक्ताई मांडे भाजण्यासाठी कुंभाराकडे खापर आणावयास गेली. विसोबाने ते मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापविली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. पुढे हाच विसोबा खेचर नामदेवांचा गुरू झाला. या कथेतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला तरी एक व्यवहाराची गोष्ट उरते. बहिष्कृतांच्या घरी ज्या दिवशी गोडधोड व्हावयाचे, त्या दिवशी गावाने अडवून धरले ते पीठ नव्हे, गूळही नव्हे. भाजण्याचे भांडे अडवून धरले. मांड्याचा प्राण कशात आहे हे विसोबाला पक्के ठाऊक होते.

आमच्या घरी ते भांडे म्हणजे आमच्या थोरल्या आत्याची लोखंडी कढई. आत्याचे सासर निपाणीचे, तंबाखूच्या व्यापारातले. तिचे लग्न झाले तेव्हा मांड्यांच्या दोन टोपल्या तिच्याबरोबर निपाणीस गेल्या होत्या, कारण मुलीच्या पाठवणीत मांडे देण्याची आमच्याकडे चाल आहे. सासूने त्या टोपल्या वखारीला लागून असलेल्या खोलीत ठेवू दिल्या नाहीत. तुपा-साखरेचा पदार्थ तंबाखूचा वास ओढून घेतो, हा धडा आत्याला पहिल्याच दिवशी मिळाला. पुढे तिनेच त्या घरात चाळीस वर्षे मांडे केले. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून आमच्याकडे बेळगावास राहते. तिच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. आमच्या कुळात मांडा हातावर वाढविणारी ती शेवटची, ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हते.

गेल्या दिवाळीत आमची कन्या सुट्टीस पुण्याहून आली, आणि वसुबारसेच्या दिवशी तिनेच आत्याला म्हटले, "आजी, मला मांडे शिकव." आत्या थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "कढई काढा."

प्रमाण आत्याने तोंडी सांगितले, ते कन्येने लिहून घेतले. अर्धा किलो मैदा, त्यात पाव किलो अगदी बारीक रवा, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे तुपाचे मोहन. पीठ सैलसर भिजवून दोन तास ओल्या फडक्याखाली ठेवावयाचे आणि मग तुपाचा हात लावून मनसोक्त मळावयाचे. ताणले असता पीठ रबरासारखे लांबले पाहिजे. सारणाला पाऊण किलो पिठीसाखर, भाजून कुटलेली खसखस, वेलदोड्याची पूड, आणि साखर मुठीत धरली असता मुटका वळेल इतके तूप. काही घरी खवाही घालतात. आत्याच्या मते खव्याने मांड्याचे आयुष्य कमी होते, म्हणून दूरगावी पाठवावयाच्या मांड्यांत तो घालू नये. उंडा भरून आधी पाटावर पसरलेल्या स्वच्छ कापडावर लाटावयाचा, आणि पुढचे काम हातांचे. पोळी दोन्ही मुठींच्या पाठींवर घेऊन, कोपरापर्यंत खेळवीत, स्वतःच्या भाराने वाढू द्यावयाची. बोटाचे टोक लागले की भोक पडते आणि साखर निसटते.

खरी परीक्षा त्यापुढे आहे. उपड्या कढईखाली आच सर्वत्र सारखी पाहिजे. पोळी एकदा कढईवर पडली की उलटावयाची नाही. तिचा वरचा भाग आतल्या वाफेनेच शिजतो. साखर वितळू लागते न लागते तोच कडा उचलून चारी बाजूंनी घडी घालावयाची. जरा उशीर झाला तर मांडा घडीच्या रेषेवर मोडतो. जरा लवकर झाली तर तो लिबलिबीत राहतो आणि तिसऱ्या दिवशी बुरसतो. या दोहोंमध्ये जो काळ आहे तो घड्याळात मोजता येत नाही. आत्या तो वासावरून ओळखते.

पहिले चार मांडे कन्येच्या हातात फाटले. ते घरातल्या लहानांनी तिथल्या तिथे दुधात घातले, तेव्हा नुकसान काहीच झाले नाही. आत्या समोर खुर्चीवर बसून म्हणत होती, "अगो, हात सैल सोड. तू त्याला धरू नकोस, त्याला पडू दे." परंतु हात सैल सोडणे हे सांगून कळत नाही, ते दाखवावे लागते, आणि दाखविणारा हात कापत होता. आत्याने एकवार उंडा हाती घेतला, पोळी अर्धी वाढविली, आणि ती फाटण्यापूर्वीच ताटात ठेवून दिली. त्या क्षणी स्वयंपाकघरात कोणी काही बोलले नाही.

अशा वेळी शेजारच्या बाई आल्या. त्या कन्नड भाषिक, मूळच्या गोकाकच्या, आणि आत्याला 'अक्का' म्हणतात. त्यांनी कढई पाहिली, ताटातली पोळी पाहिली, हात धुतले आणि म्हणाल्या, "अक्का, तुम्ही सांगा, मी दाखविते." त्यांच्या माहेरी मंडिगे होत असत आणि लहानपणी त्यांनी ते आजीजवळ बसून केले होते. पुढचा दीड तास असा गेला की, आत्या मराठीत सांगत होती, बाई कन्नडात पुटपुटत हात चालवीत होत्या, आणि आमची कन्या त्यांच्या कोपरांकडे टक लावून पाहत होती. नववा मांडा कन्येचा स्वतःचा होता. त्याची एक कड जाड राहिली होती, पण घडी बिनमोड झाली. आत्याने ती नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "हा आठ दिवस टिकेल." तिच्या तोंडची ही मोठीच प्रशस्ती होय.

त्या दिवशी बाईंकडून आम्हांस आणखी एक गोष्ट कळली, आणि ती आम्ही अजून मनात घोळवीत आहो. कन्नड भाषेतही मनोराज्य करणाऱ्यास 'मनसिनल्लि मंडिगे तिन्नुवुदु', म्हणजे मनातल्या मनात मंडिगे खाणे, असेच म्हणतात. शेजारच्या भाषांनी एकमेकींचे शब्द उसने घ्यावे यात नवल नाही. परंतु या दोघींनी स्वप्नदेखील एकच पाहावे, आणि आमच्यासारख्या बेळगावात जन्मलेल्या माणसास ते चाळिशी उलटल्यावर कळावे, याचे आम्हांस नवल वाटले.

आमचे आजोबा १९४६ साली बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या मंडपात श्रोते म्हणून बसले होते. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव तेथेच झाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि ते दुःख आजोबांनी अखेरपर्यंत बाळगले. हे गाव मराठी कसे, असे कोणी विचारल्यास ते जी प्रमाणे मोजून दाखवीत त्यांत मुक्ताईचे मांडे असत. सीमेचा वाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु आजोबांच्या त्या साक्षीदाराची उलटतपासणी वकील या नात्याने आम्ही पुष्कळदा मनाशी केली आहे.

तो काय सांगतो? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या ग्रंथाच्या अन्नभोगाच्या प्रकरणात गव्हाच्या पिठाचे उंडे हातांनी वाढवून तापल्या खापरावर भाजलेल्या 'मंडका'ची कृती आहे. ज्ञानदेवांचा जन्म यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी झाला. तेव्हा प्रतिपक्षाचा वकील उठून म्हणेल, मांडे कन्नड राजाचे. पण त्याच ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असाही उल्लेख आहे. कन्नड देशीच्या राजाने संस्कृत ग्रंथात मंडकाची कृती लिहिली, आणि मराठी बाईचे कांडपाचे गाणेही लिहून ठेवले. हा साक्षीदार फितूर झालेला नाही. प्रारंभापासून तो दोन्ही घरचा आहे. आजोबांचे दुःख खरे होते, आणि मराठी शाळेचा व मराठी पाटीचा त्यांचा आग्रह आम्हीही सोडलेला नाही. मांडा मात्र त्या दाव्यातून वगळावा असे आमचे मत झाले आहे. ज्या दिवशी आमच्या घरचा मांडा बुडत होता त्या दिवशी त्याला तारणारे हात गोकाकचे होते.

आता बेळगावात मिठाईच्या दुकानांतून मांडे मिळतात, आणि चांगले मिळतात. दुकानातून आणणाऱ्यास आम्ही नावे ठेवीत नाही. शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने कोपरावर पोळी केव्हा वाढवावी? परंतु आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अजून कोणी वृद्ध आजी, मावशी, आत्या मांडे, मणगणे, पातोळ्या यांपैकी काही हाताने जाणत असेल त्यांना एकच सुचवावेसे वाटते. कृती लिहून घ्यावी, हे तर आहेच. परंतु वहीत आच लिहिता येत नाही, हातही लिहिता येत नाही. त्यांच्याजवळ एक दिवस बसावे, आणि तो दिवस त्यांचा हात स्थिर आहे तोवर ठरवावा. घरचा हात थकला असेल तर शेजारी विचारावे. शेजाऱ्याची भाषा कोणती, हे त्या वेळी पाहू नये.

दिवाळीनंतर कन्या पुण्यास गेली. वसतिगृहात चूल नाही, म्हणून कढई तिला नेता आली नाही. आत्याने ती शेजारच्या बाईंकडे दिली आहे. त्यांच्या सुनेलाही शिकावयाचे आहे. कन्येचे घर होईल तेव्हा कढई तिने घेऊन जावी आणि तोवर ती शेजारी वापरात राहावी, लोखंड गंजता कामा नये, असे आत्याने दोन्ही घरांना बजावले आहे. या व्यवहाराचा कागद आम्ही केलेला नाही, आणि दोन्हीकडे कोणास त्याची आवश्यकता वाटली नाही.