बाई कुठे आहे?

प्रिय आत्या,

मी केलेल्या ‘स्मृतिचित्रे’च्या मुखपृष्ठाचा फोटो पाहून तू विचारलंस, “छान आहे, पण बाई कुठे आहे?” फोनवर उत्तर द्यायला गेले असते तर आपलं भांडण झालं असतं, म्हणून पत्र.

मुखपृष्ठ करायला वर्गात प्रत्येकाने एक जुनं मराठी पुस्तक निवडायचं होतं. डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच, रंग दोनच. मी लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र घेतलं, कारण ते मी आधी तुझ्या तोंडून ऐकलं आणि वाचलं नंतर.

आता सांग, बाई काढायची तर कुठली? अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आलेली? 1895 साली नवरा ख्रिस्ती झाल्यावर मागे राहिलेली? की 1900 साली आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतलेली? एक काढली की बाकीच्या बाहेर. शिवाय नऊवारी, खिडकी आणि दूर कुठे तरी लागलेले डोळे असं काही काढलं की पुस्तक नुसतं सोसण्याचं वाटायला लागतं. सोसणं त्यात आहेच. पण वडिलांचं टोकाचं सोवळं असो की नवऱ्याचा लहरी स्वभाव, सांगताना ही बाई हसते, आणि हसताना स्वतःलाही सोडत नाही. ते हसू दुकानातल्या टेबलावरूनच दिसायला हवं होतं.

चित्रकार दीनानाथ दलालांनी काढलेल्या बायका मलाही आवडतात, गैरसमज नको. ‘दीपावली’चे जुने अंक मिळाले तर मी अजून तासभर तरी बघत बसते. पण या वेळी मला कमल शेडगे जास्त जवळचे वाटले. नाटकाचं नाव त्यांनी लिहिलं की नाटक गंभीर आहे की फार्स, हे जाहिरातीतल्या अक्षरांवरूनच कळायचं. हास्यचित्रकार शि. द. फडणिसांनी ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठांवर शब्दाशिवाय हसवलं. म्हटलं, आपण चित्राशिवाय जमतंय का बघू.

पहिला विचार आला तो कच्च्या, चाचपडत्या अक्षराचा. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहायला शिकल्या ना! पण तसं लिहून भिंतीवर लावल्यावर ते अक्षर बिचारं दिसायला लागलं. बाई बिचारी नव्हती. काढून टाकलं.

मग जाड बोरूने नाव दोन ओळींत लिहिलं. वर ‘स्मृति’, खाली ‘चित्रे’. तिथे गंमत झाली. ‘स्मृ’चा ऋकार खाली उतरतो आणि बरोबर त्याच्याच खालून ‘चि’ची वेलांटी वर चढते. दोघं एकमेकांच्या अंगावर येतात. मराठीत ही कटकट कायमचीच, इंग्रजी अक्षरांना शिकवलेले नियम इथे फारसे चालत नाहीत, कारण आपल्या अक्षराला डोक्यावरही जागा लागते आणि पायाशीही. रीत अशी की ओळींत अंतर वाढवायचं. मी ते उलट कमी केलं. ऋकाराचं शेपूट वेलांटीच्या पोटात शिरू दिलं, वेलांटी जरा जास्तच वाकवली. एकदम दोन माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतायत असं वाटायला लागलं. हा संसार! मॅडमनी बघितलं आणि त्या हसल्या. मला दुसरी पावती नको होती.

डाळिंबी रंग अक्षरांना, कागद सायीच्या रंगाचा, लेखिकेचं नाव काळ्यात, लहान. मॅट लॅमिनेशन. कण्यावर मात्र दोन ओळी मावत नाहीत, तिथे नाव साधं आडवं लिहिलंय. ती बाजू मला अजून रुचलेली नाही. पण कपाटात पुस्तकाचा कणाच दिसतो, त्यामुळे तो पुन्हा करणार आहे.

तर बाई आहे, आत्या. फक्त तिचा चेहरा मी काढलेला नाही. हे तुला पटलं नाही तरी चालेल, पण छापलेली प्रत हातात घेऊन, चष्मा लावून एकदा बघ आणि मग बोल.

आणि एक काम कर. तुझ्याकडच्या जुन्या प्रतीत मुखपृष्ठकाराचं नाव छापलंय का ते पाहा. जुन्या पुस्तकांत पुष्कळदा ते सापडत नाही आणि माझी चिडचिड होते. असेल तर त्या पानाचा फोटो पाठव.

तुझी भाची