नव्या फुलाचें बारसें

शब्दरूपें घोकून घेण्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांस वनस्पतिशास्त्राचें एक अंग फार आपलेंसें वाटतें. तें म्हणजे नामकरण. विशाळगडावर सांपडलेल्या कंदीलपुष्पाच्या नव्या जातीचें सन २०२५ मध्यें ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ असें बारसें झालें. पहिलें पद घराण्याचें. ‘मेण’ व ‘झरा’ या ग्रीक शब्दांपासून लिनियसानें तें घडविलें. दुसरें विशेषण, शिवरायांच्या स्मरणार्थ. घराण्याचें नांव स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. विशेष्याचें लिंग विशेषणास, हा नियम आमच्या विद्यार्थ्यांस नवा नाहीं!

परंतु नांव सुचलें म्हणजे बारसें झालें असें नव्हे. एक वाळविलेला नमुना संग्रहालयांत कायमचा ठेवून नांव त्याच्याशीं बांधावें लागतें. शिवाय वर्णन किंवा भेदलक्षण लिहावें लागतें. १९३५ पासून २०११ अखेर तें लॅटिनमध्येंच लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते. अव्याप्ति व अतिव्याप्ति टाळून लक्षण बांधण्याची नैयायिकांची शिस्त ती हीच.

कोणी म्हणेल, नांवावांचून फूल फुलत नव्हतें काय? फुलत होतें खरें. पण निनांवी जातीची गणना कोण करणार, आणि गणना नाहीं तिचें रक्षण तरी कोण करणार? कंदीलपुष्पांचे कंद लोक खाण्यासाठीं उकरतात. नांव मिळण्यापूर्वीच एखादी जात नष्ट झाली, तर तिच्यासाठीं हळहळण्यासही शब्द उरत नाहीं.

म्हणून नातवंडांस गडावर नेणाऱ्या वाचकांस आमची विनंति एवढीच: अनोळखी फूल दिसल्यास त्याचें नांव विचारावें; खुडूं मात्र नये.