निखळलेला खांदा

भात कापून झाले की आमच्या खालापूर तालुक्यात खाचरांची पटांगणे होतात. ढेकळे फोडायची, पाणी मारून माती चोपायची, चुन्याने रेषा आखायच्या. वडील अजून या खेळाला हुतूतूच म्हणतात. गेल्या माघी गणेशोत्सवातल्या सामन्यात अशाच एका पटांगणावर मधली रेषा गाठताना माझा उजवा खांदा निखळला. पकडणारे तिघे होते. बोटे रेषेला लागली, तीन गुण मिळाले आणि पुढचे सहा आठवडे हात गळ्यातल्या झोळीत राहिला.

त्या रिकामपणात मी सिद्धार्थ देसाईचे जुने सामने पाहिले. तो कोल्हापूरकडचा, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. २०१८ साली यू मुंबाकडून प्रो कबड्डीत उतरला आणि पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण मिळवून बसला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. पण डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या हंगामात थोडेच सामने खेळून तो दुखापतीने बाहेर गेला. त्या खेपेस टायटन्सना २२ पैकी एकच सामना जिंकता आला.

चपळ गडी स्पर्श करून निसटतो. देसाईची रीत वेगळी. तो पकडला जातो आणि मग पकडणाऱ्यांना ओढत नेतो! पाय कोपऱ्यावाल्याच्या मिठीत, कमरेला दुसरा, आणि सगळा भार लांबवलेल्या एका हातावर. जिथून गुण येतो तिथूनच दुखापत येते. मला वाटते, हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळले असेल. तरी तो परतला. २०२३-२४ मध्ये तो हरियाणा स्टीलर्सकडे होता आणि तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला.

आमचे संघातले दादा मला म्हणाले, "आता बोनस घ्यायचा आणि मागे फिरायचे. ओढाओढी बंद." सल्ला शहाणपणाचा होता. आईचे म्हणणे याहून सरळ होते. लावणीला घरात दोनच धड माणसे, त्यातला एक हात कायमचा गेला तर?

चैत्रात सरावाला उतरलो. पहिल्याच चढाईत बोनस घेतला, वळलो, तोच एका अकरावीतल्या पोराने घोटा धरला. एकटाच होता, किरकोळ अंगाचा. मधली रेषा हातभर अंतरावर. एरवी त्याला फरपटत नेला असता. हात उचललासुद्धा, आणि तसाच छातीशी घेऊन मातीत बसलो. शिट्टी वाजली. तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटले, मी मुद्दाम सोडले.

घरी आईने विचारले, "खेळलास?"

"खेळलो," म्हटले, आणि अंगावरची माती धुवायला मोरीवर गेलो.