सब्र म्हणजे गप्प बसणे?

आमच्या सिरोंच्याची रीत अशी : घरात उर्दू, बाजारात तेलुगू आणि सरकारी कागदावर मराठी. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे शब्दांची ही ये-जा रोज पाहते.

सातवीच्या वर्गात एकदा 'सब्र' हा शब्द वाक्यात वापरायला सांगितला. एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, सब्र म्हणजे गप्प बसणं का? अब्बांना सगळे तेच सांगतात."

जुलै 2022 च्या पुरात तिच्या वडिलांचा कापूस गेला होता. 2019 साली पलीकडे तेलंगणात मेडीगड्डा बंधारा सुरू झाल्यापासून शेतात पाणी जास्त शिरते, अशी या भागातील शेतकऱ्यांची तक्रार आहे. त्या वडिलांना "चाचा, सब्र करो" म्हणणाऱ्यांत मीही होते. मला उत्तर देता आले नाही.

रात्री लुगत उघडली. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ रोखून धरणे, स्वतःला आवरणे. कोरफडीच्या कडू रसाचे नावही त्याच धातूचे. कुरआनात सब्र नमाजच्या जोडीने येतो, तो मदत मागण्याचे साधन म्हणून. हजरत अय्यूब (अ.) यांनी आपले दुःख अल्लाहपाशी बोलून दाखवले, तरी कुरआनाने त्यांना सब्र करणाराच म्हटले. म्हणजे बोलल्याने सब्र मोडत नाही.

हाच शब्द मराठीत 'सबूर' झाला आणि शिर्डीच्या साईबाबांमुळे 'सबुरी' घराघरांत पोहोचली. आमच्या शेजारच्या तेलुगू आजी मात्र 'ओपिक' म्हणतात. त्याचा अर्थ धीर आणि अंगातली ताकदही. गुडघे दुखले की त्या म्हणतात, "ओपिक लेदु." धीर आणि ताकद यांना एकच शब्द! मला तो फार पटला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, "रडणं, मागणं, अर्ज करणं याने सब्र जात नाही. तोल सोडला, प्रयत्न सोडला की जातो."

मग त्या मुलीच्या घरी गेले. चाचांना मराठी लिहिता येत नव्हते. माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत नुकसानभरपाईचा नवा अर्ज लिहून दिला.

काही दिवसांनी त्यांनी विचारले, "जवाब कब आएगा?" "सब्र करो" हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळून मी म्हटले, "सोमवारी पुन्हा जाऊ. मी बरोबर येते."