आण्णांच्या कॅसेट कापू नकोस

सातारा

ती. स्व. दादास,


आण्णांनी मैफलींत भरलेल्या कॅसेट तू संगणकावर उतरवायला घेतल्यास, फार बरं केलंस. पण ‘तंबोरे जुळवणं, खोकले, मधली बोलणी काढून टाकतो, नुसतं गाणं ठेवतो’ हे तुझ्या पत्रात वाचलं आणि लगेच लिहायला बसले. तसं करू नकोस. का, ते सांगते.

दिवाळीत तुझ्या लेकीनं मला ऑलमन ब्रदर्सचा अल्बम ऐकवला. अमेरिकेच्या दक्षिणेतला, जॉर्जियातला हा बँड. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात त्यांनी वाजवलं, तेच रेकॉर्डवर आलं. शेवटचं गाणं तेवीस मिनिटं चालतं. स्टुडिओत तेच पाच-सव्वापाच मिनिटांत उरकलं होतं. त्याआधीच्या एका गाण्यात मध्येच गर्दीतला एकजण ‘रात्रभर वाजवा’ म्हणून ओरडतो. निर्माते टॉम डाऊड यांनी काही ठिकाणी कात्री चालवली, पण ती हाक राहू दिली. अल्बम जुलैत आला आणि ऑक्टोबरात गिटारवाला ड्वेन ऑलमन मोटारसायकलच्या अपघातात गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्या रात्रीची माणसं मात्र त्या रेकॉर्डमध्ये अजून त्याला आणखी वाजवायला सांगताहेत.

आता आपल्याकडचं बघ. अब्दुल करीम खाँसाहेब आपल्यापर्यंत पोहोचले ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांतून, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी ऐकून लहानग्या भीमसेनांनी घर सोडलं, इतकं त्या तीन मिनिटांत होतं. पण मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेब गायचे तेव्हा समोर बसलेल्यांनी त्यांना कसं गायला लावलं, हे त्या तबकड्या सांगत नाहीत. १९३७ मध्ये ते गेले, दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे, आणि उरुसात गायक तिथं हजेरी लावतात. आण्णा दरवर्षी जायचे, टेपरेकॉर्डर पोत्यात गुंडाळून.

औंधच्या संगीत उत्सवात तर सबंध रात्र गाणं. अंतुबुवा जोशींनी १९४० मध्ये शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो उत्सव पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला. तिथं पहाटेचा राग पहाटेच गायला जातो. त्या वेळी बसलेल्या माणसाचे डोळे जड असतात, गाणाऱ्याचा गळाही रात्र काढलेला असतो, आणि ते सगळं सुरात उतरतं.

तुझ्याकडच्या एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतारवयातले एक बुवा आहेत, आण्णांनी पाकिटावर नुसतं ‘औंध, पहाट’ लिहिलंय. नीट ऐक. पहिली दहा मिनिटं षड्ज बसत नाही. श्वास तुटतो. तबलजी हातोडीनं गट्टे ठोकतोय, मागं कुणीतरी भांडं पाडतं. मग एक म्हातारा श्रोता हळूच ‘वाः बुवा’ म्हणतो, बहुतेक ते आण्णाच. पुढच्या आवर्तनात तो सूर लागतो. तू सुरुवातीचा खरखरीत भाग आणि ती दाद कापलीस तर उरेल ते चांगलं, पण गुळगुळीत गाणं. म्हाताऱ्या कलावंताच्या बाबतीत सुरापर्यंत पोहोचण्याची वाटच खरी ऐकण्यासारखी असते. तरुणाला ती वाट लवकर संपते.

आणि बाजू संपली म्हणून तान अर्धी तुटते, तिथंही जोड देऊ नकोस. आण्णा तेव्हा घाईनं कॅसेट उलटत होते, हे मला ठाऊक असायला हवं.

लेकीला गाडीत ऐकायला सुटसुटीत प्रत हवी असेल तर ती वेगळी कर. मूळ प्रत मात्र पहिल्या खटक्यापासून शेवटच्या खटक्यापर्यंत अखंड ठेव, पाकिटावरच्या अक्षरांचे फोटो तिच्यासोबत जोड, आणि तिची एक प्रत मला साताऱ्याला पाठव.

तुझी,
धाकटी बहीण